विहिरीचे पाणी आणि सरासरीचा भ्रम

एका शेतातील विहिरीला चैत्रातही पाणी असावे आणि बांधापलीकडची विहीर, कर्ज काढून अधिक खोल नेली तरी, कोरडीच राहावी, हा अनुभव वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला नवा नाही. लोक त्याला नशीब म्हणतात. वस्तुतः जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर, वसलेला आहे. मुरमातून आणि भेगांतून पाणी वाट काढते. अखंड कातळापाशी ते अडते. वरून सारखी दिसणारी भूमी आतून अत्यंत विषम असते.

विषम भूमीवरील वाटचाल हा गणिताचाही विषय आहे. प्रत्येक पावलाची दिशा दैवाधीन असलेला मनुष्य किती दूर जाईल, हा प्रश्न कार्ल पिअर्सन यांनी १९०५ साली विचारला. सारख्या भूमीवर त्याचे अंतर पावलांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे अंतर चौपट हवे तर पावले सोळापट लागतात. पण भूमीच लहरी असेल तर? एका रेषेवर जागोजागी कल निराळा असेल, तो कायम राहत असेल आणि एकंदरीत कोणत्याच बाजूस झुकत नसेल, तर प्रवासी खळग्यांत अडकून पडतो, असे रशियन गणिती याकोव सिनाई यांनी १९८२ साली सिद्ध केले. तेथे अंतर चौपट होण्यास पावलांच्या संख्येचा वर्ग करावा लागतो : दहा हजारांच्या जागी दहा कोटी! मद्रासला जन्मलेले व २००७ साली आबेल पारितोषिक मिळविणारे श्रीनिवास वरधन यांनीही या शाखेत मौलिक भर घातली आहे.

पाणी काही फासे टाकून चालत नाही, हे खरे. परंतु विषमतेचा धडा त्यालाही लागू पडतो. सारख्या जाडीचे दोन थर एकावर एक आहेत असे समजा. एकाची पाणी वाहू देण्याची क्षमता १०० आणि दुसऱ्याची १. साधी सरासरी साडेपन्नास येते. परंतु वरून खाली झिरपणाऱ्या पाण्याला प्रत्यक्षात मिळणारी क्षमता जेमतेम २ असते. चांगल्या थराचे औदार्य वाईट थर गिळून टाकतो.

म्हणूनच तालुक्याच्या पाणीपातळीची सरासरी दाखवून कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला धीर देणे, हा हिशेबाचा दुरुपयोग होय. त्याला हवी आहे ती त्याच्या शिवाराची नोंद. गावच्या शाळेतील शिक्षकाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून, दोरी व खडा घेऊन, दरमहा प्रत्येक विहिरीची पातळी टिपून ठेवली, तर चार-पाच वर्षांत भूजलतज्ज्ञाच्या हाती मोलाचे साधन येईल. त्यामुळे प्रत्येक विहिरीला पाणी लागेल असे नव्हे. पण कोठे खोदू नये, एवढे कळले तरी एखादे घर कर्जातून वाचेल.