निवृत्तांचा आठवडा आणि सातबाऱ्यावरील नांव

नोकरींतून मोकळ्या झालेल्या माणसाचा दिवस जातो तरी कसा, असा प्रश्न आमचे शेतकरी स्नेही आम्हांस वारंवार विचारतात. शेतकऱ्यास निवृत्ति ठाऊक नाहीं. तेव्हां त्यास या अवस्थेचें कुतूहल वाटावें हें साहजिकच आहे. म्हणून आम्हां उभयतांच्या एका साध्या आठवड्याचा हिशेब येथें देत आहों. त्यांत नवलाचें कांहीं नाहीं. परंतु त्या हिशेबांत एक कलम असें आहे कीं, तें प्रत्येक खातेदार बंधूनें मनावर घ्यावें अशी आमची विनंति आहे.

आमचें बिऱ्हाड तारापुरास. हा मुलूख पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत मोडतो. एकीकडे बोईसरची कारखान्यांची वसाहत, दुसरीकडे समुद्रकांठीं १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीजकेंद्र, आणि या दोहोंच्या आसपास चिकूच्या वाड्या व भाताचीं खाचरें, असा हा प्रदेश आहे. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून नियमाप्रमाणें ५८ व्या वर्षीं निवृत्त झालों. स्वकमाईनें घेतलेली दीड एकर, म्हणजे ६० गुंठे वाडी आहे. मुलगा मुंबईस नोकरीला. मुलगी सासरीं, नाशकास.

सोमवार आणि मंगळवार हे वाडीचे दिवस. कालीपत्ती चिकूस बाराही महिने कमीअधिक फळ असतें. त्यामुळें कोणतें उतरावयाचें व कोणतें ठेवावयाचें हें नजरेनें ठरवावें लागतें. सौभाग्यवती फळाच्या सालीवर हलकेंच नख ओढते. खालीं हिरवें दिसलें व चीक आला तर फळ राहूं द्यावयाचें. पिवळसर दिसलें आणि सालीवरील भुरा सुटूं लागला असला तर झेला लावावयाचा. वाडी घेतली त्या दिवसापासून हें काम तिच्याकडेच आहे. आम्ही कचेरींत फायली बांधीत होतों तेव्हां ती येथें मजुरांकडून तोडणी करून घेत होती. कोणत्या झाडाच्या कळ्या अळी पोखरते, कोणत्या बांधाखालून पाणी निसटतें, हें तिला पाठ आहे. आम्हांस अद्याप विचारावें लागतें.

बुधवारीं बाजारहाट. १ जून ते ३१ जुलै या काळांत समुद्रांतील मासेमारी बंद असते. तेव्हां सुके बोंबील आणि जवळा यांवर भागवावें लागतें. एरव्हीं कोळिणीच्या टोपलीपाशीं घासाघीस करणें हें सौभाग्यवतीचें काम व पिशवी धरणें हें आमचें. घरीं परतल्यावर व्यापाऱ्याकडे गेलेल्या चिकूचें वजन आणि आलेली रक्कम वहींत टिपली जाते. वही तिच्याच अक्षरांत आहे.

गुरुवारीं आम्ही बोईसरास बँकेंत जातों. दर नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो दिला म्हणजे निवृत्तिवेतन बिनतक्रार चालू राहतें. आमच्या पश्चात् कुटुंबनिवृत्तिवेतन सौभाग्यवतीस मिळावें, यासाठीं तिचें नांव व जन्मतारीख कागदोपत्रीं बरोबर आहे कीं नाहीं हें आम्हीं निवृत्त होण्यापूर्वींच पाहून घेतलें. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. कारकुनाच्या पत्नीची सोय सरकार नियमानें करितें. शेतकऱ्याच्या पत्नीची सोय करणारा असा नियम नाहीं. ती शेतकऱ्यानें स्वतः करावी लागते, आणि तीही जिवंतपणीं.

शुक्रवार हा कागदांचा दिवस. शेजारचे खातेदार आपापले उतारे घेऊन आमच्या ओटीवर येतात. बहुतेकांची अडचण एकच असते. आजा वारला, बाप वारला, परंतु सातबाऱ्यावर नांव अजून आजाचेंच. वारसाहक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी द्यावी, असें १९६६ च्या जमीन महसूल संहितेचें कलम १४९ सांगतें. त्या वर्दीवरून गांव नमुना ६क मध्यें वारसांची नोंद होते, मग फेरफार पडतो, आणि हरकत नसल्यास तो प्रमाणित होतो. तलाठ्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पण काम तेंच आहे. अर्ज घरबसल्या ई-हक्क प्रणालींतूनही करितां येतो. मयतांचीं नांवें काढून वारसांचीं लावण्यासाठीं १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ ही मोहीमही राज्यभर घेण्यांत आली. मोहीम काढावी लागली, यावरूनच दुखणें किती जुनें होतें तें कळावें.

नोकरीच्या काळांत खिडकीपाशीं उभ्या राहिलेल्या विधवा आम्हीं पुष्कळ पाहिल्या. जन्मभर ज्या शेतांत लावणी केली त्या शेताचा गट क्रमांक त्यांस सांगतां येत नसे. दीर सांगेल तेथें त्या अंगठा उठवीत. कायदा त्यांच्या बाजूस होता. पण कायदा कागद वाचून दाखवीत नाहीं.

शनिवारीं दलाल येतात. बुलेट ट्रेनचें एक स्थानक बोईसरास होणार आहे, आणि वाढवण बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघरास बसविण्यांत आली. तेव्हांपासून वाडीस गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं. गिऱ्हाईक दारीं चालून येतें. परवां एक गृहस्थ म्हणाले, “काका, एवढा भाव पुन्हा येणार नाहीं. तुम्ही नुसती सही करा.” आम्हीं उतारा त्यांच्या पुढें ठेविला. त्यावर दोन नांवें आहेत. ते म्हणाले, “मग काकूंस समजावा.” सौभाग्यवती चहाचे पेले ठेवीत म्हणाली, “भाऊ, पैसा बँकेंत किती दिवस पुरतो तें मला ठाऊक आहे. चिकू किती वर्षें पुरतो तेंही ठाऊक आहे. सही होणार नाहीं.” गृहस्थ चहा पिऊन गेले.

तें दुसरें नांव कसें लागलें हेंच या लेखाचें मुख्य कलम होय. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या पुढाकारानें नोव्हेंबर १९८६ मध्यें चांदवड येथें शेतकरी महिलांचें मोठें अधिवेशन भरलें. त्यानंतर संघटनेनें ‘लक्ष्मीमुक्ति’ ही चळवळ चालविली. पुरुषानें आपण होऊन पत्नीच्या नांवें जमिनीचा वांटा करून द्यावा, असा तिचा आशय. पुढें सरकारनें १५ सप्टेंबर १९९२ रोजीं परिपत्रक काढून, पतीनें स्वतः अर्ज केल्यास पत्नीचें नांव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. अर्ज पतीनेंच करावयाचा आहे. पत्नीनें मागून हें होत नाहीं. म्हणूनच तें सर्वस्वीं पुरुषाच्या इच्छेवर राहिलें आहे. आम्हीं निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यांत अर्ज दिला.

आतां गणित पाहावें. हिंदु खातेदार मृत्युपत्र न करितां वारला, मागें पत्नी, एक मुलगा व एक मुलगी असलीं आणि आई हयात नसली, तर स्वकष्टार्जित ६० गुंठ्यांत तिघांस सारखे २० गुंठे येतात. पत्नीचें नांव पूर्वींच लागलें असून तिचा वांटा निम्मा धरला, तर ३० गुंठे तिचे स्वतःचे. उरलेल्या ३० गुंठ्यांत तिघांस १० प्रमाणें. म्हणजे तिच्याकडे एकंदर ४० गुंठे राहतात. मुलांचा वांटा बुडत नाहीं. आई हयात असेतों तो तिच्या हातीं असतो, इतकेंच. जमीन भावांच्या सामाईकांत असेल त्यांनीं मात्र आधीं आपली वांटणी करून घ्यावी. ती संहितेच्या कलम ८५ प्रमाणें होते.

रविवारीं मुलगा येतो. १६ एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धांवूं लागली, त्यामुळें सकाळीं येऊन रात्रीं परत जातां येतें. त्याच्या मनांत वाडी विकून विरारास मोठें घर घ्यावें असें होतें. नांव लागल्याचें कळलें तेव्हां तो म्हणाला, “बाबा, माझ्यावर विश्वास नाहीं का?” आम्हीं म्हटलें, “विश्वास आहे म्हणूनच आज तुझ्या देखत करितों. उद्यां तुझ्या मागें तुझ्या बायकोसही हेंच लागेल.” तो कांहीं बोलला नाहीं, आणि पुढील दोन रविवार आलाही नाहीं. तिसऱ्या रविवारीं आला, तेव्हां आईबरोबर वाडींत जाऊन तिच्या फोनवर ई-पीक पाहणीचें छायाचित्र काढून आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून खातेदारानें आपलें पीक आपणच नोंदवावयाचें आहे. त्या दिवशीं खातेदार म्हणून तिनें नोंदविलें. घराचा विषय संपला असें आम्ही म्हणत नाहीं. पण आतां तो विषय तिला टाळून काढतां येत नाहीं.

शेतकरी बंधूंस आमचें सांगणें एवढेंच. नुसतें नांव लावून थांबूं नये. घरधनिणीस गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, आठ-अ चा खाते क्रमांक आणि सोसायटीचें कर्ज हें सर्व तोंडपाठ असावें. आठवड्यांतून एक दिवस तिच्यासह कागद उघडून बसावें. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. तो काढून तिच्या हातीं द्यावा व मोठ्यानें वाचून घ्यावा. ज्या हातांनीं शेत राखलें त्या हातांस त्याचा कागदही राखतां येतो. अर्ज करण्यास कचेरी आठवड्याचे पांच दिवस उघडी असते.