मोकळ्या आकाशाखालची शिल्पशाळा

विद्यार्थी मित्रांनो, 'पुतळा' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? चौकातील उंच चौथरा आणि त्यावर घोड्यावर बसलेला राजा किंवा हात उंचावून भाषण करणारा पुढारी. मुंबईतील एका भागाला 'काळा घोडा' हे नाव पडले, ते अशाच एका पुतळ्यामुळे. तेथे इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा घोड्यावर बसलेला काळ्या रंगाचा पुतळा होता. १९६५ मध्ये तो तेथून हलवला गेला, पण नाव मात्र कायम राहिले.

आता दुसरा प्रश्न. कामाच्या शोधात बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेल्या मजुराचा पुतळा तुम्ही कधी पाहिला आहे का? बहुतेकांचे उत्तर 'नाही' असेच असेल. पण असा पुतळा आपल्या देशात आहे. तो १९३८ मध्ये एका ग्रामीण भागात, मोकळ्या आकाशाखाली तयार झाला. तो कोणी घडवला, कशापासून घडवला आणि ज्या शिल्पशाळेत तो घडला तेथील लोक एकत्र येऊन आणखी काय काय करत होते, ते या पाठात पाहू.

प्रथम 'शिल्प' या शब्दाचा अर्थ समजून घेऊ. माती, दगड, लाकूड किंवा धातू यांना हाताने आणि हत्यारांनी आकार दिला की शिल्प तयार होते. उर्दूत आपण त्याला 'मुजस्समा' म्हणतो. ते घडवणारा तो शिल्पकार आणि जेथे ते घडते ती शिल्पशाळा. हे शब्द तुम्हांला नवे वाटतील, पण 'कारागीर' आणि 'कारखाना' हे शब्द मराठीत आणि उर्दूत एकच आहेत. हाताने काम करणाऱ्यांची भाषा अशी एकमेकांत सहज मिसळते.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात बोलपूर नावाचे गाव आहे. कोलकात्याहून ते सुमारे १५० किलोमीटर दूर आहे. बोलपूरजवळच शांतिनिकेतन आहे. तेथील जमीन तांबडी आणि मुरमाड. पावसाच्या पाण्याने या मातीत घळी पडतात. बंगाली लोक त्या घळींना 'खोआई' म्हणतात. आसपास संथाल आदिवासींच्या वस्त्या आहेत. शेती आणि मजुरी हा त्यांचा व्यवसाय.

या ठिकाणी १९०१ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी शाळा सुरू केली. मुले झाडाखाली बसून शिकत. पुढे १९१९ मध्ये तेथे चित्र व शिल्प शिकवणारी संस्था सुरू झाली. तिचे नाव 'कलाभवन'. प्रसिद्ध चित्रकार नंदलाल बसू हे १९२२ मध्ये तिचे प्रमुख झाले. विद्यार्थी त्यांना आदराने 'मास्टरमोशाय' म्हणत. कला ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरती नसते, ती रोजच्या जगण्यात उतरली पाहिजे, असे त्यांचे मत होते. म्हणून ते विद्यार्थ्यांना कागद-पेन्सिल देऊन बाहेर पाठवत. शेत, नदी, बैल, बाजार, काम करणारी माणसे हेच त्यांचे धडे होते.

१९२५ मध्ये रामकिंकर बैज नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण कलाभवनात आला. त्याचा जन्म १९०६ मध्ये बांकुडा येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला होता. घरी पैसा नव्हता, पण हातात कला होती. लहानपणी मातीच्या मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांचे काम तो टक लावून पाहत असे. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्याने पुढाऱ्यांची चित्रेही रंगवली. 'मॉडर्न रिव्ह्यू' या मासिकाचे संपादक रामानंद चटर्जी हे मूळचे बांकुड्याचेच. त्यांनी या मुलाचे गुण ओळखले आणि त्याला शांतिनिकेतनात पाठवले. विचार करा, एका जाणत्या माणसाची नजर त्या मुलावर पडली नसती, तर देश एका मोठ्या शिल्पकाराला मुकला असता! रामकिंकर तेथे शिकले, तेथेच शिक्षक झाले आणि जवळजवळ सारे आयुष्य तेथेच राहिले. विद्यार्थी त्यांना 'किंकरदा' म्हणत. बंगालीत 'दा' म्हणजे दादा, आपला मोठा भाऊ.

मोठी शिल्पे करायची तर संगमरवर हवा किंवा कांसे हवे. या दोन्ही वस्तू महाग. रामकिंकरांनी त्यावर वेगळाच उपाय शोधला. खोआईतील तांबडे खडे फुकट मिळत होते. ते त्यांनी सिमेंटमध्ये कालवले. लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा केला. त्यावर हा ओला माल हाताने फेकून आणि थापून बसवला. माल वाळू लागला की हत्याराने आकार नीट करायचा. शिल्प तयार झाल्यावर ते एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचे नव्हतेच. ते जेथे घडले, तेथेच उभे राहिले. म्हणून ही शिल्पे घडत असताना येणारे-जाणारे सर्वजण ती पाहू शकत होते. शिल्पशाळेला भिंतही नव्हती आणि दारही नव्हते.

अशा रीतीने १९३८ मध्ये 'संथाल कुटुंब' हे शिल्प तयार झाले. त्यात एक संथाल पुरुष खांद्यावर कावड घेऊन चालला आहे. कावडीच्या टोपलीत त्याचे मूल बसले आहे. बरोबर त्याची बायको आहे. तिच्या डोक्यावर घरातले थोडेसे सामान आहे. घरचा कुत्राही त्यांच्याबरोबर निघाला आहे. हे कुटुंब एक जागा सोडून दुसरीकडे चालले आहे. त्यांच्याजवळ धन नाही, पण त्यांच्या चालण्यात लाचारीही दिसत नाही. ताठ मानेने ते पुढे चालले आहेत. ही माणसे खऱ्या माणसांपेक्षा मोठ्या आकाराची आहेत. आतापर्यंत हा मान राजांना आणि लाटसाहेबांना मिळत होता. रामकिंकरांनी तो मजुराला दिला. भारतातील आधुनिक सार्वजनिक शिल्पकलेची सुरुवात या शिल्पापासून झाली, असे पुष्कळ जाणकार मानतात.

त्यांचे दुसरे प्रसिद्ध शिल्प १९५६ चे आहे. बंगालीत त्याचे नाव 'कलेर बांशी', म्हणजे यंत्राची बासरी. ही बासरी म्हणजे दुसरे काही नसून गिरणीचा भोंगा. भोंगा वाजला आहे आणि भाताच्या गिरणीत काम करणाऱ्या दोन संथाल स्त्रिया धावत निघाल्या आहेत. साड्या धुऊन वाळवायलाही त्यांना वेळ नाही. म्हणून ओले कापड त्यांनी वाऱ्यावर धरले आहे. धावता धावताच ते वाळेल. त्यांच्या मागे एक मूल आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांचे भोंगे आता थांबले. पण भोंग्याच्या वेळेवर ज्यांचे घर चालत असे, अशी माणसे तुमच्याही नात्यात असतील. त्यांना हे शिल्प समजावून सांगावे लागणार नाही.

मित्रांनो, शांतिनिकेतनात शिल्पे घडवणे हे काही एकट्यादुकट्याचे काम नव्हते. तेथे मातीचे एक घर आहे. त्याचे नाव 'कालो बाडी', म्हणजे काळे घर. १९३० नंतरच्या काही वर्षांत शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून ते सजवले. त्याच्या मातीच्या भिंतींवर उठावाची शिल्पे आहेत. पावसापासून भिंतींचे रक्षण व्हावे म्हणून त्यांवर डांबराचा लेप दिला. त्यामुळे घर काळे दिसते. हे घर म्हणजे कलाभवनाच्या विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते. ज्या घरात राहायचे ते आपल्या हातांनी सुंदर करायचे, हा धडा त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

शांतिनिकेतनातील सणही आसपासच्या जीवनाशी जोडलेले आहेत. १९२८ मध्ये रवींद्रनाथांनी दोन उत्सव सुरू केले. पहिला 'वृक्षरोपण'. त्या दिवशी झाडाचे रोप सजवलेल्या पालखीत बसवतात. मुले-मुली गाणी म्हणत त्याची मिरवणूक काढतात आणि ते जमिनीत लावतात. जेथे जमीन झिजून घळी पडतात, तेथे झाड लावणे किती गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको. दुसरा उत्सव 'हलकर्षण'. 'हल' म्हणजे नांगर; उर्दूतही आपण नांगराला 'हल'च म्हणतो. हा उत्सव जवळच्या श्रीनिकेतन येथे होतो. खेड्यांच्या सुधारणेसाठी ही संस्था १९२२ मध्ये सुरू झाली होती. या दिवशी बैलांना सजवतात, जमिनीवर रांगोळीसारखी 'आल्पना' काढतात आणि पाहुणे नांगर धरून तास ओढतात. आपल्याकडचा बैलपोळा तुम्हांला येथे नक्कीच आठवेल. नंदलाल बसूंनी या उत्सवाचे मोठे चित्र श्रीनिकेतनच्या भिंतीवर काढले. शेतकऱ्याचे काम हे मानाचे काम आहे, हेच या उत्सवातून सांगायचे होते.

कलाभवनाची ही पद्धत आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेली आहे. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. अधिवेशनाची जागा खेड्याला शोभेल अशी, साध्या वस्तूंनी सजवावी, अशी गांधीजींची इच्छा होती. हे काम त्यांनी नंदलाल बसूंवर सोपवले. नंदलालबाबूंनी बांबूसारख्या साध्या, गावाकडे मिळणाऱ्या वस्तू वापरून ती सजावट केली. पुढे १९३८ मध्ये गुजरातमधील हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शेकडो चित्रे रंगवली. त्या चित्रांत कोण होते? ढोलकी वाजवणारा, शिंपी, सुतार, जमीन कसणारा शेतकरी! हे चित्रांचे काम आणि 'संथाल कुटुंब' हे शिल्प एकाच वर्षाचे आहे, हे लक्षात ठेवा.

कलाभवनात आजही एक उत्सव होतो, 'नंदन मेळा'. नंदलाल बसू यांचा जन्मदिवस ३ डिसेंबर. त्याच्या आधी, १ आणि २ डिसेंबरला हा मेळा भरतो. १९७३ पासून ही प्रथा सुरू आहे. मेळ्यापूर्वी कित्येक दिवस शिक्षक आणि विद्यार्थी मिळून कामाला लागतात. कोणी मातीची भांडी करतो, कोणी खेळणी, कोणी छापील चित्रे, तर कोणी दागिने. नामवंत शिक्षकाच्या हातची वस्तू आणि नव्या विद्यार्थ्याच्या हातची वस्तू एकाच मेळ्यात विकायला येते. सर्वसामान्य माणसाला परवडतील अशाही पुष्कळ वस्तू असतात. गावकरी येतात, पाहुणे येतात आणि आवडलेली वस्तू घेऊन जातात.

या विक्रीचे पैसे कोणाच्या खिशात जातात? कोणाच्याच नाही. ते विद्यार्थ्यांच्या मदत निधीत जमा होतात. एखाद्या मुलावर आजारपण आले, एखाद्याची पैशांची अडचण झाली, तर त्या निधीतून मदत मिळते. म्हणजे आज जो मुलगा मातीचा घोडा करतो, तो उद्याच्या एखाद्या अनोळखी मुलाचे शिक्षण वाचवतो. रामकिंकरांसारखी गरीब घरची मुले पैशांवाचून मागे राहू नयेत, यासाठी याहून चांगली योजना कोणती?

रामकिंकर १९८० मध्ये वारले. १९७० मध्ये भारत सरकारने त्यांना 'पद्मभूषण' देऊन गौरवले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनाला जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले. पण मान मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. उघड्यावरची शिल्पे ऊन-पाऊस सोसतात. सिमेंट झिजते, त्याला तडे जातात, पाणी आत गेले की सळ्या गंजतात. डांबराचा लेप गेला की मातीची भिंत खचते. म्हणून त्यांची सतत निगा राखावी लागते. जी वस्तू सर्वांची असते, तिची काळजी घेण्याची जबाबदारीही सर्वांचीच असते.

विद्यार्थी मित्रांनो, शांतिनिकेतन दूर आहे, तेथे जाणे सर्वांना जमेलच असे नाही. पण तांबडी माती, खडे आणि कष्टाळू माणसे तर सगळीकडेच आहेत. तुमच्या गावातील कुंभारवाड्यात जा. पाथरवट, सुतार, विणकर यांचे काम थोडा वेळ उभे राहून पाहा. त्यांना विचारा, 'चाचा, हे तुम्ही कोणाकडून शिकलात? माल कोठून आणता?' त्यांची उत्तरे मराठीत वहीत लिहा. मग स्वतःलाच विचारा, आपल्या गावाच्या चौकात एक शिल्प उभारायचे ठरले, तर ते कोणाचे असावे?