आडव्या झाडाला करवत कोणती घ्यावी?



वळवाच्या वाऱ्यात बांधावरची चिंच, बाभूळ उसात आडवी झाली, की साखळी-करवतीची आठवण होते. दुकानात लांबलचक पट्टीच्या मोहात पडू नका. आधी बुंध्याची जाडी मोजा. दीड फूट जाडीला 20 इंची पट्टी आणि 50 ते 60 सीसीचे इंजिन पुरते. त्याहून जाड ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो. लहान इंजिन लांब पट्टी ओढत नाही.

साखळीला ब्रेक नसलेले यंत्र फुकट मिळाले तरी नको. पट्टीच्या टोकाची वरची बाजू लाकडाला टेकली, की करवत उसळून थेट तोंडावर येते. ढलप्यांऐवजी पीठ पडू लागले, की साखळीला कानस लावा. मजुराच्या डोक्याला टोप, डोळ्यांना चष्मा, पायात जाड बूट आहेत ना, हे मालकाने स्वतः पाहावे.