सालगड्याचं साल आणि कोठ्यातला हिशेब

वऱ्हाडातल्या शेतमजुरीवर बोलायचं म्हटलं की आपण लगेच कापसाच्या वेचणीवर येतो. ते चूक नाही, पण त्यामुळे एक माणूस कायम बाजूला राहतो. आज आम्ही त्याच्याविषयी बोलणार आहोत. शेतात रोजानं येणारा मजूर संध्याकाळी घरी जातो. हा माणूस घरी जात नाही, कारण संध्याकाळी गुरं कोठ्यात येतात. बाहेरगावहून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, अमरावती-अकोल्याकडे गोठ्याला कोठा म्हणतात, आणि तिथं वर्षाच्या करारावर राहणाऱ्या माणसाला सालगडी, सालदार किंवा नुसतंच गडी.

हा करार कसा होतो ते आधी बघू. मुहूर्त गुढीपाडव्याचा. त्याच्या आठ-पंधरा दिवस आधीपासून गावात एकच चौकशी असते, "यंदा सालाचं काय म्हन्ता?" बोलणी तोंडी होते. एक रोख रक्कम ठरते, तिच्यातला मोठा हिस्सा सुरुवातीलाच उचल म्हणून दिला जातो, वर काही पोती ज्वारी किंवा गहू, कपडे, पायताण, पोळ्याला काहीतरी. खाडा पडला तर किती कापायचे हेही ठरतं. कामाचे तास मात्र ठरत नाहीत. आमच्या मते सगळा घोळ इथेच आहे.

गड्याचा दिवस बघा. पहाटे पाचला उठून शेण काढणं, गव्हाणीत कुटार-कडबा टाकणं, ढेप भिजवणं, धार काढणं किंवा मालकाला काढायला मदत करणं. नऊ-साडेनऊपर्यंत हे चालतं. मग इतर मजुरांसारखंच शेतात काम. पाचला मजूर सुटतात, आणि गड्याची दुसरी पाळी सुरू होते. गुरं आणा, पाणी पाजा, वैरण टाका, धार, बांधाबांध. गाय व्यायला आली असेल तर रात्रही तिथेच. बेरीज केली तर अकरा तास सहज होतात.

आता पैशाकडे येऊ. अलीकडे पाडव्याच्या सुमारास वर्तमानपत्रांत सालगड्याचं साल लाखावर गेल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांचा सूर बहुतेक वेळा "मजूर फार माजले" असाच असतो. आपण हिशेब करून पाहू. समजा साल एक लाख वीस हजाराला ठरलं. ३६५ दिवसांनी भागा. दिवसाला ३२९ रुपये. अकरा तासांनी भागा. तासाला ३० रुपये. रोजगार हमीच्या कामाला २०२४-२५ साली महाराष्ट्रात दिवसाचा दर २९७ रुपये होता. आठ तास धरले तर तासाला ३७. धान्य धरलं तर गड्याचा आकडा थोडा वर जाईल, पण ज्याला आपण लाखाचा गडी म्हणतो तो तासाच्या हिशेबात सरकारी खड्डे खोदणाऱ्याच्या मागेच राहण्याची शक्यता जास्त.

मग तो साल धरतो कशाला? तो काही वेडा नाही. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यानं वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली, म्हणजे सगळे दिवस मिळाले तरी २९,७०० रुपये. गावातली रोजंदारी समजा ४०० रुपयांनी वर्षाला २०० दिवस मिळाली, तर ८० हजार. सालात एक लाख वीस हजार पक्के, आणि त्यातला मोठा भाग एकरकमी, मुलीच्या लग्नाच्या किंवा आईच्या ऑपरेशनच्या आधी. बँक त्याला उभं करत नाही. थोडक्यात, साल म्हणजे मजुरी आहे आणि कर्जही आहे, आणि त्या कर्जाचं व्याज तो पहाटे पाचला उठून फेडतो. उचल फिटेपर्यंत माणसाला जाऊ द्यायचं नाही, या प्रकाराला १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं गुन्हा ठरवलं. सगळी सालदारी वेठबिगारी नाही, हे ठामपणे सांगायला हवं. पण दोन्हींमधली रेघ बारीक असते. उचल शिल्लक असताना गड्याला काम सोडता येतं का, या एका प्रश्नावर ती ओळखता येते.

आता हे काम करतं कोण? पूर्वी गावची गुरं एकत्र चारायला नेणारा गायकी असायचा. जनावरामागे महिन्याचा ठराव असे. विदर्भात हे काम बऱ्याच ठिकाणी गोवारी समाजाकडे होतं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो ग्रंथ काढला, त्यातही त्यांची नोंद गुराखी म्हणूनच आहे. याच समाजाचा मोर्चा २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो फिरवला. दरम्यान ज्या ई-क्लास जमिनीवर ही गुरं चरत, ती अतिक्रमणांत आणि सरकारी कामांत आक्रसत गेली. गायकीचा धंदा बसला, त्याचं हे मोठं कारण.

मेळघाटातले कोरकू धारणी-चिखलदऱ्याहून खाली सपाटीवर सोयाबीन, हरभरा काढायला येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यातलीच काही कुटुंबं शेतावरच्या खोपडीत राहून सालानं काम धरतात. इथे एक बारकावा आहे. साल एकाच्या नावानं ठरतं, काम जोडप्याकडून होतं. तो वखरावर गेला की शेणपुंजा ती करते. शेणपुंजा म्हणजे शेण काढणं आणि झाडझूड. तिचा वेगळा दाम बोलणीत येतच नाही. गावात दुसऱ्याच्या घरी शेणपुंजा करणाऱ्या बाईला निदान महिन्याचे पैसे किंवा गोवऱ्यांपुरतं शेण तरी मिळतं.

आणि मालकाच्या घरातल्या बाईचं काय? सरकारी मोजणीत तिची गंमतच आहे. जनगणनेच्या व्याख्येनुसार घरच्यापुरतं दूध काढणंसुद्धा काम धरलं जातं. पण श्रमबळाच्या सर्वेक्षणात 'घरकाम करून शिवाय सरपण, गुरांचा चारा वगैरे फुकट गोळा करणारी' अशा बाईसाठी ९३ क्रमांकाचा रकाना आहे, आणि त्या रकान्यात गेलेली बाई श्रमबळाच्या बाहेर. डोक्यावर चाऱ्याचा भारा आहे आणि कागदावर ती कामच करत नाही.

गड्याची मोजणीही यापेक्षा फार बरी नाही. १९९१ च्या जनगणनेत पशुपालन, वनकाम, मासेमारी यांचा मिळून एक वेगळा वर्ग होता. २००१ पासून चारच वर्ग उरले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. वखर हाकणारा सालगडी शेतमजुरांत जातो, पण नुसता डेअरीच्या गोठ्यात राबणारा माणूस 'इतर'मध्ये, म्हणजे शिक्षक, ड्रायव्हर, दुकानदार यांच्या रांगेत. २०११ ला राज्यात शेतमजूर सुमारे १ कोटी ३५ लाख आणि शेतकरी सुमारे १ कोटी २६ लाख भरले. २००१ ला चित्र उलटं होतं. वऱ्हाडाला त्यात नवल नाही, इथे मजुरांची संख्या जुन्या काळापासूनच भारी. पण यातले कोठ्यात किती, हे या आकड्यांतून कुणालाच काढता येणार नाही. केंद्राचा श्रम ब्युरो ग्रामीण मजुरीचे दर गोळा करतो, त्यात पशुपालन कामगारांचा रकाना आहे खरा. पण तो दर रोजाचा असतो. वर्षाचं साल, धान्य आणि बायकोचं शेणपुंजा रोजाच्या रकान्यात बसवायचं कसं?

कायदा मात्र या माणसाला विसरला नव्हता. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात शेतीची जी व्याख्या आहे, तिच्यात दुग्धव्यवसाय आणि पशुपालन स्पष्ट लिहिलेले आहेत. धान्याच्या रूपात मजुरी द्यायची असेल तर सरकारची परवानगी हवी, अशीही तरतूद होती. पुढे २०१९ च्या वेतन संहितेत हा कायदा सामावला गेला. तोंडी करारात तासच नसतील तर किमान वेतन मोडलं की नाही हे तपासायचं कशावरून, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत शेतीसाठी परदेशी मजूर आणायचा एच-२ए नावाचा व्हिसा आहे, पण तो हंगामी कामाचा. गाय बारा महिने दूध देते, म्हणून डेअरीवाल्यांना तो वापरता येत नाही. तिथल्या १९३८ च्या श्रम कायद्यानं शेतमजुरांना जादा तासांच्या दीडपट मजुरीतून वगळलं, त्यात गोठेही आले. विस्कॉन्सिनसारख्या दुधाच्या राज्यात गोठ्यातलं बरंच काम कागदपत्रं नसलेले स्थलांतरित करतात. हंगाम डोळ्यांसमोर ठेवून नियम करायचे आणि रोज दोन वेळा राबणाऱ्याला त्यातून सुटू द्यायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

आता मालकाची बाजू. ती न मांडणं अन्यायाचं होईल. पाच-सहा एकर कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाल्याला लाखाचा गडी परवडत नाही, हे सरळ आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाणीच खारं, ओला चारा पिकवायची सोय कमी. ज्वारी जाऊन सोयाबीन आलं तसा कडबाही गेला. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अनुदानावर संकरित गायी वाटल्या, तेव्हा पी. साईनाथ यांनी लिहिलं होतं की घरातल्या माणसांपेक्षा गायीच्या खाण्यावर जास्त खर्च होतोय. चाऱ्याचा हिशेब निदान तेव्हा कुणीतरी मांडला. गायीमागे रोज किती तास माणूस लागेल आणि ते कुणाच्या अंगावर पडतील, ही चर्चा मागेच राहिली. परिणाम दिसतोच. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांमध्ये राज्यातलं गोधन सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आलं. ट्रॅक्टर हे कारण आहे, २०१५ नंतर भाकड बैल विकणं अवघड झालं हेही आहे. पण गावात विचारा, पहिलं उत्तर "करनारा मानूस नाही" हेच येतं.

माणूस का नाही? तरुण पोरगा अकोल्याच्या एमआयडीसीत किंवा पुण्यात गोडाऊनला जातो. पगार थोडाफार इकडेतिकडे, पण पाळी संपली की तो मोकळा. बाईचंही तेच. वेचणीच्या दिवसांत ३५ किलो कापूस किलोमागे दहा रुपयांनी वेचला तर ३५० रुपये, तेही दिवसाउजेडी. ती कोठ्यात शेणात हात कशाला घालेल? मग कोठ्यात उरतो तो पन्नाशी ओलांडलेला, दुसरीकडे कुणी न घेणारा माणूस. इथून पुढचा भाग नीट ऐका, कारण यात कुणाचा तरी जीव आणि म्हातारपण अडकलेलं आहे.

असंघटित कामगारांचं ई-श्रम पोर्टल २०२१ मध्ये सुरू झालं, त्यात नोंदणीचं वय १६ ते ५९. श्रावणबाळ योजनेचं महिन्याचं दीड हजार सुरू होतं ६५ व्या वर्षी, तेही दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. साल लाखाला ठरलं की तो त्या मर्यादेच्या बाहेर. आणि अपघात? कोठ्यात चाऱ्याच्या गंजीत साप असतो, बैल शिंग मारतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात, पण ते सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. कोठा एकच, साप एकच. मालकाला चावला तर दोन लाख, गड्याला चावला तर काही नाही.

त्यातल्या त्यात हाताशी असलेला उपाय पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा आहे. वर्षाला २० रुपये हप्ता, १८ ते ७० वय, बँकेत खातं हवं, अपघाती मृत्यूला दोन लाख. सर्पदंश असेल तर ताबडतोब दवाखान्यात नेल्याची नोंद लागते, नुसतं मांत्रिकाकडे नेलं तर दावा अडकतो. पाडव्याच्या बोलणीत धान्य, कपडे, पायताण ठरतंच. त्यात हे २० रुपये मालकानं भरायचे असं ठरवायला काही हरकत नसावी. सोबत आणखी तीन गोष्टी: आठवड्याला एक संध्याकाळ सुटी, शेणपुंज्याचे पैसे तिच्या हातात, आणि किती उचल दिली, किती फिटली हे दोघांच्या सहीनं वहीत. त्या संध्याकाळी कोठ्यात उभं कोण राहणार, हे मालकाच्या घरात ठरावं लागेल. आमचा अंदाज असा की बहुतेक घरांत ते काम पुन्हा ९३ क्रमांकाच्या रकान्यातल्या बाईवरच येईल, म्हणून ती बोलणी होताना तीही तिथे बसलेली असली पाहिजे.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.