एका कढईत रात्रीचे जेवण

पालकहो, संध्याकाळी घरोघरी विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, "आज जेवायला काय?" मुले शिकवणीहून परततात तेव्हा सात वाजून गेलेले असतात. पणजी, म्हापसा किंवा वेर्णे येथे कामाला जाणारे आई-वडील बसमधून उतरून घरी पोहोचेपर्यंत अंधार पडतो. मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाला आणि पेडणे तालुक्यातील काही घरांत पाळीची नोकरीही आली. अशा वेळी भात, हुमण, भाजी आणि तळलेले नुस्ते असा चार भांड्यांचा स्वयंपाक रोज जमतोच असे नाही. मग दोन मिनिटांच्या शेवया, नाक्यावरचे तळलेले पदार्थ किंवा नुसता पाव आणि चहा यांवर रात्र भागवली जाते.

एखाद्या दिवशी असे झाले तर बिघडत नाही. आठवड्यातून तीन-चार रात्री असेच होऊ लागले, तर त्याचा परिणाम वाढत्या मुलांवर होतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातील पाच वर्षांखालील मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. आपले राज्य देशातील सुस्थितीतील राज्यांपैकी एक आहे. तरीही असे होते, याचा अर्थ पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून या लेखात थोड्या वेळात, एकाच कढईत, कोंबडीचे मांस आणि भाज्या एकत्र शिजवून पूर्ण जेवण कसे करता येते ते पाहू.

ही रीत आपल्याला परकी नाही

मांस वेगळे आणि भाजी वेगळी, अशी सवय आपल्याला पडली आहे. पण आपल्याच स्वयंपाकघरात दोन्ही एकत्र शिजवण्याची जुनी रीत आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा दुधी किंवा भोपळ्याच्या भाजीत मूठभर सुकी सुंगटे घालतात. भाजी तीच, पण चव आणि कस दोन्ही वाढतात.

दुसरे उदाहरण खतखत्याचे. चतुर्थीला किंवा लग्नकार्यात होणारे खतखते शाकाहारी आणि सोवळ्यातले. त्यात मांस घालण्याचा प्रश्नच नाही. पण ते करणाऱ्या बाईकडून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे भाज्या घालण्याचा क्रम. ती सगळ्या भाज्या एकदम टोपात टाकत नाही. कंद आणि शेंगा आधी जातात, नरम भाज्या मागाहून. त्यामुळे सुरण कच्चा राहत नाही आणि भोपळ्याचा लगदा होत नाही. एका भांड्यातील कोणत्याही स्वयंपाकाचे मर्म हेच आहे. क्रम साधला की मसाला कमी-जास्त झाला तरी जेवण चांगले होते. क्रम चुकला तर उत्तम मसालाही उपयोगी पडत नाही.

भाज्यांचे तीन गट

बाजारातून भाजी आणल्यावर ती शिजायला लागणाऱ्या वेळेप्रमाणे मनातल्या मनात तीन गटांत वाटून घ्यावी.

पहिला गट टणक भाज्यांचा : नवलकोल, गाजर, बटाटा, रताळी, फरसबी.

दुसरा गट मध्यम भाज्यांचा : लाल भोपळा, दुधी, फ्लॉवर, वांगी, कच्ची पपई.

तिसरा गट नरम भाज्यांचा : दोडकी, घोसाळी, कोबी, ढोबळी मिरची आणि तांबडी भाजी, पालक, शेवग्याचा पाला यांसारख्या पालेभाज्या.

प्रत्येक गटातील एक भाजी घेतली तरी पुरे. पावसाळ्यात दोडकी, घोसाळी, भोपळा गावातच मिळतात. हिवाळ्यात नवलकोल, मुळा, तांबडी भाजी ताजी येते. डिचोलीचा बुधवारचा किंवा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार साधला तर आठवड्याची सोय होते. एरवी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर भाजी स्वस्त मिळते.

साहित्य (चार माणसांसाठी)

कोंबडीचे मांस अर्धा किलो, लहान तुकडे करून, टणक भाजी २०० ग्रॅम, मध्यम भाजी २५० ग्रॅम, तांबडी भाजीची एक जुडी, कांदे २, टोमॅटो २, आले-लसणाचे वाटण १ मोठा चमचा, हळद अर्धा चहाचा चमचा, तिखट १ चहाचा चमचा, धणेपूड २ चहाचे चमचे, थोडी मिरपूड, ओले खोबरे ३ मोठे चमचे, खोबरेल किंवा घरात असेल ते तेल दीड मोठा चमचा, मीठ १ सपाट चहाचा चमचा, एक लिंबू.

तिखट हरमलच्या मिरचीचे असेल तर उत्तम. पेडण्याच्या या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

कृती

१. प्रथम कांदा, टोमॅटो आणि पहिल्या गटाची भाजी चिरून घ्यावी. त्यानंतर कोंबडीच्या तुकड्यांना हळद, तिखट, धणेपूड, आले-लसूण आणि निम्मे मीठ चोळून ठेवावे. हात साबणाने धुवावेत.

२. रुंद आणि जाड बुडाच्या कढईत तेल तापवून कांदा तीन मिनिटे परतावा.

३. कोंबडीचे तुकडे घालून मोठ्या आचेवर पाच मिनिटे परतावे. तुकडे बाहेरून रंग बदलतात आणि कढईच्या तळाला तांबूस थर धरतो. तो करपू देऊ नये. टोमॅटो घालून उलथन्याने खरवडला की तो सुटतो. रश्श्याची निम्मी चव त्या थरातच असते.

४. पहिल्या गटाची भाजी आणि अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवावे. आच मध्यम करून सात मिनिटे शिजवावे. तेवढ्या वेळात दुसऱ्या गटाची भाजी चिरून होते.

५. दुसरा गट आणि उरलेले मीठ घालून पुन्हा झाकण ठेवावे. सात मिनिटे. तेवढ्या वेळात पालेभाजी धुऊन चिरून होते.

६. पालेभाजी, खोबरे आणि मिरपूड घालून चार मिनिटे शिजवावे. कढई खाली उतरवून मग लिंबू पिळावे.

चुलीवरचा वेळ साधारण २५ ते ३० मिनिटे. सगळी भाजी आधी चिरून बसावे लागत नाही, हा या क्रमाचा दुसरा फायदा. एक गट शिजत असताना पुढचा चिरला जातो.

असे का करायचे?

पाणी अर्धी वाटीच का? कोंबडी आणि भाज्या दोन्हींत भरपूर पाणी असते. मीठ लागले आणि झाकण ठेवले की ते बाहेर येते आणि त्याच्याच वाफेवर सगळे शिजते. जास्त पाणी ओतले तर रस्सा पांचट होतो. थंड पाणी घातले तर तापलेली कढई निवते आणि वेळ वाढतो, म्हणून पाणी गरमच असावे.

प्रेशर कुकर का नको? कुकर वेळ वाचवतो, पण त्यात सगळ्यांना सारखाच वेळ मिळतो. मांस शिजेपर्यंत भोपळा विरघळून जातो. शिवाय मध्येच झाकण उघडून भाजी घालता येत नाही.

लिंबू शेवटी का? लिंबातील क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. हेच जीवनसत्त्व पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास मदत करते. मांसातील लोह शरीर सहज घेते आणि सोबतच्या भाजीतील लोहही त्यामुळे अधिक शोषले जाते. भोपळा आणि गाजर यांच्या केशरी रंगातून मिळणारे अ जीवनसत्त्व शोषले जायला थोडे तेल लागते, ते कढईत असतेच. म्हणजे हे पदार्थ एकत्र शिजवण्याने केवळ भांडी वाचतात असे नाही, ते एकमेकांना पूरकही ठरतात.

एका माणसाच्या वाट्याला यातून दीडशे ग्रॅमच्या आसपास भाजी आणि साधारण १५ ग्रॅम प्रथिने येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात आणि मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. रात्रीच्या एका जेवणात भाजीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग भरून निघतो. मीठ माणशी दीड ग्रॅमच्या आतच राहते.

सोबत काय?

दुपारचा उकड्या तांदळाचा भात उरला असेल तर तो वाफवून घ्यावा. नसेल तर संध्याकाळी पोदेर येतो तेव्हा पोई घ्यावी. कोंड्यासह केलेली पोई मैद्याच्या पावापेक्षा चांगली, आणि रस्साही छान टिपते.

वाराप्रमाणे बदल

आपल्याकडे सोमवार, एकादशी, श्रावण पाळणारी घरे पुष्कळ आहेत. त्या दिवशी कोंबडीच्या जागी रात्री भिजवून उकडलेले अळसांदे किंवा चणे घ्यावेत. ते आधीच शिजलेले असल्याने दुसऱ्या गटाबरोबर घालावेत. बाकी क्रम तोच. सुंगटे घालायची असतील तर ती शेवटच्या पाच मिनिटांत घालावीत. जास्त शिजली की ती चिवट होतात.

गावठी कोंबडी आणि बकऱ्याचे मांस मात्र या रीतीला सोयीचे नाही. त्यांना बराच अधिक वेळ लागतो. ज्या शागोतीचे मूळ पेडण्यातील हरमलला सांगितले जाते, ती खोबरे आणि मसाले भाजून, वाटून सावकाश करण्याची गोष्ट आहे. तिचा मान रविवारी ठेवावा. कामाच्या दिवशी तिची घाईघाईतली नक्कल करू नये.

काही काळजी

कच्ची कोंबडी नळाखाली जोरात धुऊ नये. उडणाऱ्या थेंबांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. कोंबडी कापलेली सुरी आणि फळी साबणाने धुतल्याशिवाय भाजीसाठी वापरू नये.

उतरवण्यापूर्वी सर्वांत मोठा तुकडा फोडून पाहावा. मांस हाडापासून सहज सुटले पाहिजे आणि आतला रस लालसर नसावा. शंका वाटल्यास आणखी पाच मिनिटे ठेवावे.

उरलेले जेवण दोन तासांच्या आत शीतपेटीत ठेवावे आणि खाताना चांगली उकळी आणावी. ते सकाळी मुलांच्या डब्यात मात्र देऊ नये. आपल्या दमट हवेत डबा मधल्या सुट्टीपर्यंत तासन् तास बंद राहतो आणि मांसाचा पदार्थ त्यात बिघडू शकतो.

लोखंडी कढई असेल तर अवश्य वापरावी, थोडे लोह जेवणात उतरते. फक्त टोमॅटो आणि लिंबू आंबट असल्याने जेवण तयार होताच दुसऱ्या भांड्यात काढावे, नाही तर ते काळे पडते.

मुलांना कामाला लावा

या स्वयंपाकातील पुष्कळ कामे मुलांना करता येण्यासारखी आहेत. पाचवी-सहावीतील मूल तांबडी भाजी निवडू शकते, लसूण सोलू शकते, घड्याळ पाहून सात मिनिटे झाली की सांगू शकते. आठवी-नववीतील मुलामुलींना मोठ्यांच्या देखरेखीखाली भाजी चिरायला आणि परतायला हरकत नाही. हे काम केवळ मुलींचे समजू नये. उद्या शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला किंवा पणजीत खोली घेऊन राहणाऱ्या मुलग्यालाही रोज जेवायचे असतेच. शिवाय ताटातील भाजी बाजूला सारणारे मूल, स्वतः निवडलेली भाजी निदान चाखून तरी पाहते.

चार भांड्यांच्या स्वयंपाकात घरातील एक व्यक्ती, बहुधा आई, सर्वांचे जेवण होईपर्यंत चुलीपाशीच उभी असते. एका कढईच्या जेवणात वाढायला एकच भांडे आणि घासायलाही एकच. त्यामुळे आईही सर्वांबरोबर पानावर बसू शकते. आठवड्यातून दोन-तीन रात्री एवढे साधले, तरी पोषणाबरोबर सर्वांनी एकत्र जेवण्याचीही सोय होईल. येत्या आठवड्यात एक रात्र ठरवून हा प्रयोग जरूर करून पाहावा.