लढण्याची सक्ती आणि न लढण्याचा हक्क

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार गावी विनोबा भावे यांनी एक भाषण केले. ब्रिटिशांच्या युद्धास माणसे देणे किंवा पैसा देणे, दोन्ही गैर होय, एवढाच त्या सत्याग्रहाचा आशय. चार दिवसांनी त्यांना अटक झाली आणि पुढे तीन महिन्यांची शिक्षा मिळाली. येथे साहजिकच एक शंका उत्पन्न होते. विनोबांना किंवा पवनारच्या कोणा शेतकऱ्याला बंदूक उचलण्याची आज्ञा सरकारने केलीच नव्हती. मग हा नकार कशाला दिला होता?

शंका रास्त आहे. हिंदी माणसावर लष्करी सेवेची सक्ती करणारा कायदा त्या काळी नव्हता. १९४० साली सक्तीच्या सेवेचा जो कायदा झाला तो हिंदुस्थानातील युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांपुरताच होता. युद्धारंभी दोन लाखांच्या आसपास असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेले, ते सारे स्वेच्छेने आलेल्यांचे, असे इतिहासकार लिहितात. ज्या घरात पेरणीला बी उरलेले नाही त्या घरच्या मुलाची स्वेच्छा किती मोकळी असते, हा प्रश्न मात्र अशा आकड्यांतून सुटत नाही. शिवाय ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले ते लोकप्रतिनिधींपैकी कोणाला न विचारता. माणसामाणसावर सक्ती नव्हती. अवघ्या देशावर होती.

सप्टेंबर १९४० मध्ये गांधीजी व व्हाइसरॉय यांची जी बोलणी झाली त्यांत हा भेद फार स्पष्टपणे उमटला आहे. इंग्लंडने १९१६ साली सक्तीची भरती सुरू केली, तेव्हाच त्या कायद्यात सद्सद्विवेकबुद्धीला लढणे पटत नाही अशा मनुष्यासाठी पळवाट नव्हे, तर एक अधिकृत दार ठेवले होते. तो न्यायमंडळापुढे उभा राही. मंडळाला त्याची तळमळ खरी वाटली तर त्यास सूट मिळे, नाही तर तुरुंग. व्हाइसरॉयांनी गांधीजींना तेवढीच मोकळीक देऊ केली. आपले मत उघड बोलावे, परंतु दुसऱ्या कोणास युद्धकार्यापासून परावृत्त करू नये. गांधीजींना हे पुरेसे वाटले नाही, आणि ते योग्यच होते. सूट मागणारा मनुष्य कायद्याचा अधिकार मान्य करून आपल्यापुरता अपवाद मागत असतो. ज्या देशाला विचारलेलेच नाही त्याने अपवाद कशाचा मागावा? म्हणून निवडक माणसांनी आधी दंडाधिकाऱ्यास कळवावे, मग बोलावे आणि तुरुंगात जावे, असा वैयक्तिक सत्याग्रह ठरला. विनोबा पहिले. दुसरे नेमलेले जवाहरलाल नेहरू यांना बोलण्यापूर्वीच पकडून चार वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. १९४१ च्या मध्यापर्यंत वीस हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले.

परंतु त्याच वर्षी नागपूर आणि भंडारा यांच्या शेजारी, कामठीच्या छावणीत, याच्या उलट दृश्य दिसत होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी उभारली गेली कामठीस. ज्या समाजाने पूर्वी मुंबईच्या फौजेत पिढ्यानपिढ्या चाकरी केली त्याला १८९२ च्या सुमारास भरतीचे दार बंद करण्यात आले होते. काही जाती लढाऊ आणि बाकीच्या नाहीत, असा साहेबाचा सिद्धांत. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केले. १९१७ साली गरज पडली तेव्हा एक महार पलटण काढली, आणि १९२१ साली मोडली. डॉ. आंबेडकरांनी १९४१ साली तरुणांना सैन्यात शिरा असे सांगितले ते या अपमानाच्या पार्श्वभूमीवर. पवनार आणि कामठी यांत विरोध दिसतो, आणि त्या वेळी तो कडवटपणे बोललाही गेला. तथापि आमच्याविषयीचा निर्णय आम्हांला न विचारता का घेतला, ही तक्रार दोन्हीकडे एकच होती.

ज्यांना १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याच्या मतदारांनी पाडले, त्याच आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीच्या संविधानात तेविसावा अनुच्छेद आहे. त्याचा पूर्वार्ध वेठबिगारीला बंदी करतो आणि सर्वांना ठाऊक असतो. उत्तरार्ध सहसा कोणी वाचत नाही. सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल. परंतु केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून त्यात भेदभाव करता येणार नाही. म्हणजे भारतात सैन्यसेवेची सक्ती झालीच तर ती केवळ एका पंथाच्या मुलांवर करता येणार नाही.

असे बंधन नसेल तर काय घडते, हे इस्राएलमध्ये पाहावयास मिळते. गॅलिली आणि कार्मेलच्या डोंगराळ गावांत द्रुझ नावाचा अरबी बोलणारा एक छोटा पंथ राहतो. काही पुढाऱ्यांच्या संमतीने १९५६ साली या पंथाच्या पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची झाली. त्यांच्या मुसलमान आणि ख्रिस्ती अरब शेजाऱ्यांना ती नाही. एकाच गल्लीतल्या दोन मित्रांपैकी एकास बोलावणे येते, दुसऱ्यास येत नाही. बहुसंख्य द्रुझ तरुण ही सेवा करतात, कित्येक अभिमानाने करतात आणि मोठ्या हुद्द्यांवर चढतात, हे सांगितलेच पाहिजे. परंतु नकार देणारेही प्रारंभापासून आहेत. प्रसिद्ध कवी समीह अल-कासिम यांनी त्यासाठी तुरुंग पाहिला. १९७२ साली अशा तरुणांच्या पाठीशी उभी राहणारी एक समितीही स्थापन झाली. २०१२ साली मघार गावच्या एका व्हायोला वाजविणाऱ्या मुलाने संरक्षणमंत्र्यास पत्र लिहून आपल्याच लोकांवर शस्त्र धरण्यास नकार दिला आणि डिसेंबर २०१३ पासून तो तुरुंगाच्या वाऱ्या करू लागला.

वाऱ्याच म्हटले पाहिजे, कारण रीतच तशी आहे. काही आठवड्यांची शिक्षा, सुटका, पुन्हा बोलावणे, पुन्हा नकार, पुन्हा शिक्षा. इंग्लंडच्या न्यायमंडळाप्रमाणे येथेही विवेकबुद्धीचे म्हणणे ऐकणारी एक समिती आहे; परंतु सर्वच युद्धांना विरोध करणाऱ्याचा तिच्यापुढे थोडाफार निभाव लागतो, या विशिष्ट फौजेत नको म्हणणाऱ्याचा सहसा लागत नाही. काही महिन्यांनी अधिकारीच कंटाळतात आणि त्या मुलाच्या कागदावर बहुधा ‘सेवेस अयोग्य’ असा शेरा मारून त्याला घरी पाठवितात. त्याने नकार दिला, असे त्या शेऱ्यात नसते.