निजामशाहीची फिरती राजधानी

अकोल्याच्या शेजारी, संगमनेर तालुक्यात पेमगिरी गाव आहे. तेथील मोठा वड पाहायला लोक लांबून येतात. पण गावामागच्या डोंगरावरचा किल्ला काही काळ एका राज्याची राजधानी होता, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. निजामशाहीची राजधानी तिथपर्यंत का आली, हे समजून घेण्यासारखे आहे.

अहमद निजामशाहाने 1490 मध्ये स्वतंत्र सत्ता उभारली, तेव्हा त्याचे ठाणे जुन्नर होते. पुढे त्याने अहमदनगर वसवले. शंभर वर्षांनी 1595 मध्ये सुलतान इब्राहिम लढाईत मारला गेला आणि घरातच आग लागली. दखनी आणि हबशी सरदारांच्या गटांनी चार वेगवेगळे वारस पुढे केले. त्यांतल्या मियाँ मंजूने तर मदतीसाठी मुघलांनाच बोलावले. चांदबीबीने शत्रूला वेशीवर रोखले, पण 1600 मध्ये किल्ल्यातल्याच लोकांनी तिचा जीव घेतला. त्यानंतर लवकरच किल्ला मुघलांच्या हाती गेला आणि लहानगा सुलतान बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

उरलेले राज्य सांभाळले मलिक अंबर यांनी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस स्वतःच्या कर्तबगारीने वर आला होता. त्यांनी राजघराण्यातल्या मुर्तजाला परांड्याला गादीवर बसवले. पण भाऊबंदकी संपली नव्हती. राजू दखनी हा सरदार वेगळी चूल मांडून बसला होता. त्याचा पाडाव झाल्यावर राजधानी जुन्नरला आली आणि 1610 च्या सुमारास दौलताबादला गेली. जवळच मलिक अंबर यांनी खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर.

तख्त हलवणे सोपे असते, माणसे टिकवणे अवघड. मलिक अंबर यांनी डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणले. सारावसुलीचा मक्ता बंद करून जमिनीच्या प्रतीप्रमाणे सारा ठरवला आणि वसुली गावच्या पाटलांमार्फत केली. मुघल फौजांनी 1616 आणि 1621 अशी दोनदा खडकी उद्ध्वस्त केली, तरी शहर पुन्हा उभे राहिले. पाणी होते, रयतेचा भरवसा होता.

1626 मध्ये मलिक अंबर यांचा इंतकाल झाला. खुलताबादला त्यांची कबर आहे. त्यानंतर पुन्हा तेच घडले. मुलगा फतेहखानाने सुलतानाला ठार करवले आणि 1633 मध्ये दौलताबाद मुघलांकडे गेले. तेव्हा शहाजीराजांनी घराण्यातल्या एका बालकाला पेमगिरीवर गादीवर बसवून राज्य चालवले. 1636 मध्ये माहुली किल्ल्यावर त्यांना शरण जावे लागले आणि निजामशाही संपली.

आपल्या काळातही असे घडले आहे. नायजेरियात 1967 ते 1970 भयंकर यादवी झाली. पुढे 1976 मध्ये राजधानी लागोसहून देशाच्या मध्यावर, कोणा एका मोठ्या जमातीचा मुलूख मानला जाणार नाही अशा अबुजाला नेण्याचे ठरले. 1991 मध्ये ती तिथे गेली. सगळ्यांना आपली वाटेल अशी जागा निवडणे हा शहाणपणा होता. मात्र जागा बदलल्याने मने आपोआप जुळत नाहीत, हे त्या देशालाही पुढे अनुभवावे लागले.

निजामशाहीला अहमदनगर, परांडा, जुन्नर, दौलताबाद, पेमगिरी अशी मजबूत ठिकाणे मिळाली. कमी पडली ती घरातली एकी. आपल्या मोहल्ल्यातल्या जमातीत, संस्थेत किंवा वाटणीला आलेल्या वाड्यातही हेच लागू आहे. भांडण बरोबर घेऊन नव्या घरात गेलो, तर नवे घरही जुनेच होते. मुलांना पेमगिरी दाखवायला न्याल तेव्हा वडाच्या सावलीत ही हकीकतही त्यांना सांगा.